चुन्याचं बोट लावलेले नारळ

शालू पुण्याहून परत आली की आमच्या आळीतल्या मुलींना दोन दिवस दुसरं काही सुचत नसे. परीक्षा संपली की तिचे वडील तिला कुणातरी ओळखीच्या माणसाबरोबर बोटीत बसवून द्यायचे, आणि पावसाच्या तोंडावर बोटी बंद व्हायच्या आत ती परत यायची. पुण्याला तिचे मामा होते, आणि मामांच्या घराजवळ मुलींसाठी सुट्टीतला वर्ग होता. त्या वर्गात ती काय काय शिकायची ते ती सांगत नसे, करून दाखवत असे. एका वर्षी पेटीवर दोन गाणी वाजवून दाखवली. एका वर्षी रुमालावर निळ्या रेशमाचा मोर आणला. त्या मोराला डोळा नव्हता, तो राहून गेला होता, पण ते माझ्याखेरीज कुणी बघितलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत त्या डोळ्याचाच विचार करत होते. वकिलांची मुलगी, गोरीपान, गळ्यात सोन्याची साखळी. एवढं सगळं मी तिला माफ केलं होतं. पण सुट्टीचा वर्ग काही मला माफ करता येईना. आम्ही मे महिन्यात काय करायचो? वाळवण राखायचो. घरापुढच्या खळ्यात आमसुलं, आंब्याची साठं, फणसपोळी, पोह्याचे पापड पसरलेले असायचे आणि हातात काठी घेऊन माडाच्या सावलीत बसून कावळे हाकायचे. कावळ्यांना हाकायला कुठल्या वर्गात जावं लागत नाही.

हल्ली माझी नातसून मार्च लागला की वर्तमानपत्रातल्या जाहिराती कापून ठेवायला लागते. मुलाला सुट्टीत कुठं घालायचं, कुठं चांगलं शिकवतात, कुठं नुसतेच पैसे घेतात, यावर दोघा नवराबायकोंची जेवताना चर्चा चालते. मी गप्प बसून ऐकते. एकदा ती मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बरं होतं, असल्या कटकटी नव्हत्या." मी म्हटलं, होत्या गं बाई. माझ्या आईनं एक अख्खा चैत्र माझ्यासाठी वर्ग शोधण्यात घालवला होता, आणि ती पायी हिंडली होती.

घरात आम्ही तिघी. आई, मी, आणि वडिलांची थोरली बहीण दमूआत्या. वडील मुंबईला एका पेढीवर कारकून होते, ते गणपतीला यायचे आणि शिमग्याला जमलं तर. आत्या लहानपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. घर, आगर, माड, आंबे, सगळ्यावर तिची नजर आणि सगळ्याला तिचा हात. ती वाईट नव्हती. पण तिला विचारल्याशिवाय आमच्या घरात मांजरसुद्धा जागा बदलत नसे. आई तिला वन्सं म्हणायची आणि तिच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. त्या वर्षी मी शालूच्या नावानं एवढी भुणभुण लावली की शेवटी आत्याच वैतागली. "घाल बाई तिला कुठंतरी. दिवसभर डोकं खाते माझं. पण पुण्याबिण्याची भाषा नको, नि पैसेही फार नको."

मग आई शोधायला निघाली. तिची चांगलं-वाईट ठरवायची पद्धत मोठी मजेदार होती. तिला लिहितावाचता जेमतेम यायचं, त्यामुळे कोण किती शिकलेला याची परीक्षा ती काय घेणार? ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "पोर चुकलं तर तुम्ही काय करता?" देवळाजवळ एक बुवा गाणं शिकवायचे. ते म्हणाले, "कान पिळतो. त्याशिवाय सूर पक्का होत नाही." आईनं माझ्या कानाकडे बघितलं आणि आम्ही निघालो. मग एक शिवणाच्या काकू. त्या म्हणाल्या, "चुकलं की उसवायला लावते. दोरा घरून आणायचा हो." तिथं सात-आठ मुली माना खाली घालून पोलकी शिवत होत्या, आणि ती पोलकी कुणाची म्हणून आईनं विचारलं तेव्हा काकूंनी विषय बदलला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "गिऱ्हाइकांची शिवणं ती. पोरी शिवतायत नि वर आपणच पैसे द्यायचे." नंतर एक पेन्शनीतले मास्तर अक्षर सुधारायचा वर्ग घेत. ते म्हणाले, "माझ्याकडची मुलं चुकतच नाहीत. मी निवडूनच घेतो." आई रस्ताभर हसत होती. "चुकतच नाहीत तर हा शिकवतो काय गो? बसून राहतो?" मला मात्र हसू येत नव्हतं. शालू गेल्याला दहा-बारा दिवस झाले होते, ती तिकडे काहीतरी शिकत होती, आणि मी उन्हातून चपला फरफटत आईबरोबर नकार गोळा करत होते.

दुर्गाताईंचं नाव आम्हाला कुणी सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक कासारणीनं. ताई मूळच्या जयगडच्या, घरचीच गलबतं होती म्हणे. मुंबईला मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवायच्या आणि सुट्टीत भावाकडे यायच्या. भावाची बाग आमच्या आळीच्या टोकाला, उताराच्या कडेला, आणि त्या बागेत एक मोठी विहीर. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, एका अंगाला पार पाण्यापर्यंत पायऱ्या. तिथं उभं राहिलं की खालून समुद्राची गाज यायची आणि विहिरीत मात्र सगळं थंड, हिरवं, गप्प. ताई मुलींना पोहायला शिकवणार होत्या. दुपारी, पुरुषमाणसं जेवून आडवी झाल्यावर. उंच, सावळ्या बाई, आवाज असा की हाक मारली तर बोरीबंदराला ऐकू जावी. त्या आईला म्हणाल्या, "समुद्राकाठी जन्मायचं नि पाण्याला भ्यायचं, ही कुठली रीत? मुलगे कसे उन्हाळाभर विहिरीत पडलेले असतात? मुलींना काय पाणी चावतं?" आईनं तिचा प्रश्न विचारला. ताई म्हणाल्या, "चुकली तर बुडेल, म्हणून मी पाण्यात असते. पोटाखाली हात धरते. तो हात मी कधी काढून घेतला, ते मुलीला कळत नाही. कळलं की समजायचं मी चुकले." घरी येताना आईनं माझा हात धरला होता, आणि तो शिवणाच्या काकूंकडून येताना धरला नव्हता.

पैशाचं म्हणाल तर ताई पैसे घेतच नव्हत्या. पोहून मुलींना भूक लागते, म्हणून प्रत्येकीच्या घरून पाळीपाळीनं सगळ्यांसाठी खाऊ यायचा, तीच फी. कुणाकडून दडपे पोहे, कुणाकडून घावनं आणि नारळाचा रस, आमच्या घरून फणसाची सांदणं. ओल्या अंगानं, दात वाजत असताना, पायरीवर बसून खाल्लेल्या त्या सांदणांची चव मला पुढे कुठल्या लग्नाच्या पंगतीत मिळाली नाही. बाकी ताईंच्या अटी दोन. एक म्हणजे प्रत्येकीनं आपापले असोले नारळ आणायचे, सोलायचे नाहीत, चांगले जून, हलवल्यावर आत पाणी खळखळणारे. त्यांची जोडी सुंभानं बांधून पाठीला लावली की पोर तरंगते. आणि दुसरी अट, प्रत्येकीबरोबर तिच्या घरची एक बाईमाणूस हवी, आणि तिनं काठावर बसून गप्पा मारायच्या नाहीत, पायरीवर पाण्यात उभं राहायचं. "माझे हात दोन," ताई म्हणायच्या, "नि पोरी बारा."

नारळ आईनं पडवीतल्या ढिगातून काढले. त्या ढिगात काही नारळांच्या देठाशी आत्यानं चुन्याचं बोट लावलेलं होतं. चुन्याचं बोट म्हणजे हे विकायचे नाहीत, घरी ठेवायचे, एवढं आईला ठाऊक होतं. म्हणून तिनं मुद्दाम त्यातलेच दोन घेतले. व्यापाऱ्याला द्यायचे नारळ मोडले असते तर वन्संना राग आला असता, घरचे घेतले तर कोण काय म्हणणार? आणि ते होतेही छान, भरलेले, एकसारखे. मला ते पाठीला बांधून घेताना फार ऐट वाटली. शालूच्या पाठीला पुण्यात कुणी नारळ बांधले नव्हते.

पहिले चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले उत्तम दिवस होते असं मी म्हणेन. मी परकराचा काष्टा घालून पाण्यात उतरायचे, पाय झाडायचे, नाकातोंडात पाणी गेलं की रडायचे, पुन्हा उतरायचे. आणि रोज घरी येताना मनातल्या मनात शालूला सांगायचे: तुझी पेटी काय, कुणीही वाजवील. पाण्यावर तरंगून दाखव. आई गुडघाभर पाण्यात उभी असायची, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, आणि माझ्याकडे बघत असायची. मग एक दिवस ती कमरेपर्यंत आली. घसरले म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताईंनीच तिला म्हटलं, "या हो जानकीबाई, आलातच आहात तर या." आणि आई गेली. तिला नारळ लागले नाहीत. ताईंनी पोटाखाली हात धरला तो त्यांना दोन फेऱ्यांतच काढता आला. आठवड्याच्या आत माझी आई त्या विहिरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी जात होती की पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. आणि मी अजून पाठीला दोन नारळ बांधून पायरीजवळ थापट्या मारत होते.

त्यानंतर मला शालू आठवेनाशी झाली. हेवा ही अशी गोष्ट आहे की तिला जवळचं माणूस सापडलं की ती लांबच्याला सोडून देते. सगळ्या मुली म्हणायच्या, "सुमे, तुझी आई काय सुंदर पोहते गो!" त्यांच्या आया म्हणायच्या. ताई, ज्यांनी कधी कुणाला बरं म्हटलं नव्हतं, त्या सगळ्यांना थांबवून म्हणाल्या, "हात कसा टाकायचा ते जानकीबाईंकडे बघा." मीही बघायचं! माझ्या वर्गात, माझ्यासाठी शोधलेल्या, माझ्या भुणभुणीमुळे मिळालेल्या वर्गात मी माझ्या आईकडे बघून शिकायचं! खाऊ खाताना आया तिच्याभोवती बसायच्या आणि ती, जी घरात आत्यासमोर चार शब्द बोलत नसे, ती तिथं ओले केस मोकळे सोडून हसायची, बोलायची. एकदा तर तिनं शिवणाच्या काकूंची नक्कल केली आणि ताईंना ठसका लागला. मला ती बाई ओळखीची वाटेना. मला वाटायचं, ही माझी आई आहे, हिनं मला टॉवेल द्यावा, माझी वेणी पिळून द्यावी, बस्स.

शेवटी एक दिवस जाताना मी तिला म्हटलंच. "तू नुसती पायरीवर उभी राहा ना. बाकीच्यांच्या आया राहतात." आईनं माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. "राहते हो," म्हणाली. आणि राहिली. सबंध दुपार ती गुडघाभर पाण्यात उभी होती, ताईंनी बोलावलं तर "आज नको, कणकण आहे," म्हणाली. पण मी पाय झाडताझाडता तिच्याकडे बघत होते, आणि मला दिसत होतं की पाण्याखाली तिचे हात आपोआप हलतायत. आधी हळूच बाजूला, मग पुढे, मग मागे. तिला स्वतःला ते कळत नव्हतं. तिच्याकडे बघण्याच्या नादात मी पाणी प्यायले, ठसकले, आणि मला धरायला म्हणून आई जी पाण्यात शिरली ती पुन्हा पायरीवर आलीच नाही. मलाही परत सांगावंसं वाटलं नाही. सांगून उपयोग नव्हता, हात हलणारच होते.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. आई माझ्या सोबतीला जाते, पायरीवर उभी राहते, एवढंच तिला ठाऊक. ओलं लुगडं तिथंच बागेच्या कुंपणावर वाळायचं, आणि ओल्या केसांचं कारण आई सांगायची, उन्हाचा ताप झाला म्हणून डोक्यावर तांब्या ओतून घेतला. आम्ही जायचो तेव्हा आत्या खळ्याच्या कडेला काठी घेऊन वाळवण राखत बसायची, म्हणजे झोपायची, आणि कावळे आमसुलांचा समाचार घ्यायचे. मला रोज वाटायचं, आत्या एकदा तरी तिकडे यावी. मी तिला बोलावलं नाही, सांगितलं नाही, खुणेनं सुचवलंही नाही. पण यावी असं वाटायचं, आणि ते मी इथं झाकून ठेवणार नाही. अकरा वर्षांच्या पोरीला काय वाटावं हे तिच्या हातात नसतं.

ती आली, पण आली ती आपल्या नारळांसाठी.

चुन्याच्या बोटाचा अर्थ घरी ठेवायचे इतका साधा नव्हता. आमच्या न्हाणीमागे एक म्हातारा माड होता, त्याची नारळांची पेंड वाकून भिंतीला टेकायची इतका तो धरायचा. माड आता किती दिवस उभा राहील याचा नेम नव्हता, म्हणून आत्यानं त्या वर्षी त्याचे नारळ बियाण्यासाठी निवडून ठेवले होते. हलवून, वाजवून, हातात तोलून निवडलेले. त्यातल्या उत्तमातल्या उत्तमांना चुन्याचं बोट. पावसाआधी ते वाळूत मांडायचे, कोंब आले की लावायचे. त्या दुपारी ती वाळूचा वाफा करायला उठली, नारळ मोजले, आणि दोन नाहीत. शेजारच्या गडीमाणसाला विचारलं, त्यानं सांगितलं, "वाटेनं जाताना पोरीच्या पाठीला बघितले मी, चुना लावलेले." आत्या तशीच निघाली, अनवाणी, तापलेल्या कातळावरून.

आम्हाला आधी तिचा आवाज ऐकू आला. "माझे बियाण्याचे नारळ कुठं नेलेन त्या पोरीनं?" मग विहिरीच्या काठावर तिचं लाल आलवण दिसलं, मग ती दिसली. मी नारळ लावून विहिरीच्या मध्यापर्यंत आले होते, आणि आई माझ्या पुढ्यात होती, मला "ये, ये," म्हणत मागे मागे जात. आत्यानं आधी माझी पाठ बघितली. "सोड! सोड ते आधी! बियाण्याचे नारळ मेलीनं भिजवून काढलेन!" आणि मग तिला आई दिसली. डोक्यावर पदर नाही, केस पाण्यावर पसरलेले, पायाखाली काही नाही. आत्याचं तोंड उघडं राहिलं. मला आनंद झाला. भीतीही वाटली, पण आनंद आधी झाला.

"जानकी," आत्या पायऱ्या उतरत म्हणाली, आणि आता ती ओरडत नव्हती, "वर ये."

आई वर गेली नाही. ती माझ्याजवळ आली. एका हातानं तिनं मला पोटाखाली धरलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवरची सुंभाची गाठ सोडवली. मी किंचाळले, "आई, नको! मी बुडेन!" तिनं जोडी पाण्यातून वर उचलली आणि काठाकडे फेकली. ती पायरीवर आपटली, आत्याच्या पायाशी. "घ्या वन्सं, तुमचे नारळ," आई म्हणाली. "पोरीला घेऊन येते." मग मला म्हणाली, "हात टाक." मी हात टाकला. "पाय." पाय मारले. तिचा हात पोटाखाली होता, थंड, पक्का, आणि मी त्याच्या भरवशावर पायरीकडे निघाले. पायरीला हात लागला तेव्हा मागे वळून बघितलं तर आई विहिरीच्या मध्यावरच होती. तिथून हललीच नव्हती.

सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आत्या उभी असतानासुद्धा. दुर्गाताई मोठ्यांदा म्हणाल्या, "वा जानकीबाई! मलाही हात कधी काढलात ते दिसलं नाही." वा जानकीबाई! पोहले मी. अर्धी विहीर कापून नारळांशिवाय मी आले, पाणी माझ्या नाकात गेलं, आणि तिथंही वा जानकीबाईच. मी पायरीवर बसून रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, भेदरली पोर.

घरी आल्यावर आत्या चुलीपुढे पाट घेऊन बसली. तिनं नारळ पुसून पदराखाली धरले होते. "गणपतीला येऊ दे त्याला, सांगते," म्हणाली. "एका पोरीची आई, वय काय, नि विहिरीत उड्या मारतेस? लोक काय म्हणतील? उद्यापासून तो वर्ग बंद. तुझाही नि तिचाही." वय काय, असं आत्या म्हणाली. माझ्या आईचं वय तेव्हा सत्तावीस होतं. माझी धाकटी नात सत्तावीस वर्षांची आहे आणि अजून आईच्या पुढ्यात बसून केस विंचरून घेते. पण त्या वेळी मला आई म्हणजे घरातल्या जात्याइतकी जुनी वाटायची, आणि आत्याचं बोलणं अगदी बरोबर वाटत होतं, शेवटचं वाक्य सोडून. माझा वर्ग बंद? मी पुन्हा रडायला लागले.

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "वन्सं, मी नाही उतरणार," ती म्हणाली. "उद्यापासूनच नाही. पण सुमीचा वर्ग थांबायचा नाही. तिला आत्ता कुठं यायला लागलंय."

"मग सोबत कोण जाईल? त्या बाईची अट आहे ना, घरची बाई हवी म्हणून?"

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी वाळवण राखते."

"बरं, जाईन," म्हणत आत्यानं नारळ पदराखालून काढून बाजूला ठेवले. आईनं सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आमच्या घरात आईनं काही मागितलं आणि मिळालं असं मी पाहिलेलं ते पहिलंच, आणि तेही तिनं माझ्यासाठी मागितलं होतं. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मला फक्त एवढं कळलं की उद्यापासून वर्ग माझा एकटीचा.

आणि झालाही. आत्या रोज यायची. पहिल्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर, लुगडं पोटरीपर्यंत धरून, तोंड कडू करून. दुर्गाताईंनी सांगितलं, "आत्याबाई, आणखी दोन पायऱ्या खाली. अट म्हणजे अट." ती आणखी दोन पायऱ्या उतरली. चार दिवसांत ती तिथून मला ओरडायला लागली, "हात लांब टाक गो! लांब! चिमणीसारखा काय टाकतेस?" तिला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आगरात माणसं कामाला लावायची सवय होती, ती तिथं उपयोगी पडली. मी भराभर शिकले. आता कुणी जानकीबाईंकडे बघा म्हणत नव्हतं. ताई म्हणायच्या, "सुमन, तू पुढं हो, बाकीच्या मागं." मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फक्त खाऊच्या वेळी आया आता पूर्वीइतक्या हसत नसत. ताईही लवकर उठून जायच्या.

ते दोन नारळ आत्यानं वाळूत मांडले. विहिरीत भिजून फुकट गेले असं ती सगळ्यांना सांगत राहिली, आणि कोंब सगळ्यांच्या आधी त्यांनाच आले. एक पुढे मेला, एक जगला. न्हाणीमागे तो अजून आहे म्हणतात. घरात त्याला सगळे जानकीचा माड म्हणायचे. पाठीवर वाहिला मी, आणि नाव तिचं. असो.

घरी आले की आई खळ्यात असायची. काठी बाजूला पडलेली, ती काहीतरी थापत नाहीतर उलटत असायची. ती मला कधी विचारायची नाही की आज किती पोहलीस, ताई काय म्हणाल्या, कोण पुढं होतं. ती एकच विचारायची, रोज, मान वर न करता. "पाणी कसं होतं गो आज?" मी म्हणायचे, "कसं असणार? पाण्यासारखं." आणि आत पळायचे.

शेवटच्या दिवशी ताईंनी आम्हा मुलींना काठावरून उडी मारायला लावलं. वर्ग संपल्याची तीच खूण. सगळ्यांच्या घरची माणसं आली होती, आणि शालूही आली होती, आदल्याच दिवशी बोटीनं उतरलेली, अंगात पुण्याचा नवा फ्रॉक. मी काठावर उभी राहिले, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि उडी घेतली. खाली गेले, खूप खाली, तळाचं गार पाणी पायांना लागलं, वर आले, आणि विहीर आडवी कापून पायरीला हात लावला. आत्या टाळ्या वाजवत होती. आत्या! शालू मला म्हणाली, "मला शिकवशील?" तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं, माझ्याइतकं ते कोण ओळखणार? उन्हाळाभर मी त्या आवाजाची वाट बघत होते.

मी आत्याच्या पुढे धावत घरी आले. आई खळ्यात सुपांवर फणसाचा रस पसरत होती, कोपरापर्यंत हात चिकट, कपाळावर उन्हानं आलेला घाम पुसायलाही हात मोकळा नाही. मी धापा टाकत सगळं सांगितलं, उडी, टाळ्या, शालू. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पाणी कसं होतं?"

त्या दिवशी मी खुशीत होते, म्हणून नीट सांगितलं. "वर कोमट. खाली एकदम गार."

आईचे हात थांबले. तिनं डोळे मिटले. "होय," ती म्हणाली, "आणि पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीशी सगळ्यात गार. तिथं झरा आहे. तिथं गेलं की पोटाखालून कुणीतरी हात घातल्यासारखं वाटतं."

त्या भिंतीला मी उन्हाळाभर हात लावून आले होते. मला तिथं झरा लागला नव्हता. मी तिथं पोचले की मागे वळून बघायचे, कोण बघतंय ते.

आईनं डोळे उघडले आणि रस पसरायला घेतला. मी ओल्या कपड्यांनी तिच्यासमोर उभी होते. उडी माझी होती, टाळ्या माझ्या, शालूचं तोंड उतरलेलं मी डोळ्यांनी बघून आले होते, आणि तरी त्या कोपरापर्यंत चिकट झालेल्या बाईचा मला त्या क्षणी जेवढा हेवा वाटला, तेवढा शालूचा कधी वाटला नव्हता.